खोकड : त्याची राहणी व त्याची शिकार

‘कोल्ह्याला द्राक्षें आंबट’ ही म्हण ठाऊक नाहीं असा विद्यार्थी आपल्या शाळेंत शोधूनही सांपडावयाचा नाहीं. परंतु इसापाच्या ज्या गोष्टीवरून ही म्हण निघाली, तिच्या मूळ ग्रीक रूपांत द्राक्षांवर डोळा ठेवणारा प्राणी कोल्हा नसून खोकड आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. आपल्याकडे पंचतंत्रांतील करटक व दमनक हे दोघे धूर्त मंत्री कोल्हे. तेव्हां परदेशच्या गोष्टींतील लबाड प्राणीही कोल्हाच असावा, असें आपल्या भाषांतरकारांस वाटलें तर त्यांत नवल नाहीं. मात्र याचा परिणाम असा झाला कीं, खोकडाचें नांव मागें पडलें आणि कोल्ह्याची अपकीर्ति तेवढी त्याच्या वांट्यास आली.

प्रस्तुत लेखांत आम्ही वाचकांस तीन गोष्टी सांगणार आहों : खोकड कसें ओळखावें, तें कसें राहतें, आणि इंग्लंडांत त्याची शिकार कशी व कां होत असे. यांपैकीं तिसऱ्या गोष्टीकडे आमच्या विद्यार्थिमित्रांनीं विशेष लक्ष द्यावें अशी आमची इच्छा आहे. एखाद्या कृत्याचें जें कारण सांगितलें जातें, तेंच त्याचें खरें कारण असतें कीं नाहीं, हें पारखण्याचा त्या हकीकतींत मोठा चांगला धडा आहे.

कोल्हा व खोकड हे दोन्ही प्राणी कुत्र्याच्याच कुळांतले होत. कोल्हा अंगानें मोठा, वजनानें बहुधा आठ ते अकरा किलोचा असतो, आणि संध्याकाळीं कोल्हेकुई सुरू झाली म्हणजे तो न दिसतांही ओळखूं येतो. खोकड त्याहून लहान व सडपातळ. त्याचें तोंड निमुळतें, कान मोठे आणि शेपटी लांब व झुपकेदार असते. दख्खनच्या माळरानांवर आढळणारें आपलें खोकड राखी रंगाचें, जेमतेम दोन-तीन किलो वजनाचें असून त्याच्या शेपटीचें टोंक काळें असतें. युरोपांतील खोकड तांबूस रंगाचें व पांच ते सात किलो वजनाचें असतें, आणि त्याच्या शेपटीचें टोंक बहुधा पांढरें असतें. हें तांबडें खोकड आपल्याही देशांत काश्मीर व लडाख येथील डोंगरांत, तसेंच राजस्थान व कच्छ येथील रुक्ष प्रदेशांत आढळतें. युरोप, आशिया, उत्तर अमेरिका आणि उत्तर आफ्रिका एवढ्या अफाट मुलुखांत पसरलेला असा दुसरा मांसाहारी वन्य पशु नाहीं. यापुढें जें वर्णन येईल तें मुख्यत्वें या तांबड्या खोकडाचें समजावें.

इंग्लंडांत ऐन थंडीच्या दिवसांत, डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, नर व मादी यांची जोडी जमते. त्या काळांत रात्रीं मादीची किंकाळी कानीं पडली म्हणजे नवख्या माणसाच्या अंगावर कांटा उभा राहतो. पुढें सुमारें बावन्न-त्रेपन्न दिवसांनीं, म्हणजे बहुधा मार्च महिन्यांत, ती बिळांत चार-पांच पिल्लांस जन्म देते. पिल्लें जन्मतः आंधळीं व बहिरीं असून त्यांच्या अंगावरील लव गर्द तपकिरी असते. पहिले दोन-तीन आठवडे त्यांस स्वतःच्या शरीराची ऊब राखतां येत नाहीं. म्हणून आई त्यांस सोडून फारशी हालत नाहीं, आणि तिच्या अन्नाची तरतूद नर करितो. कित्येकदां मागल्या वर्षाची एखादी मादी घर सोडून न जातां आईबापांजवळच राहते आणि धाकट्या भावंडांस अन्न आणून देते. चार आठवड्यांचीं झालीं कीं पिल्लें बिळाच्या तोंडाशीं येऊन खेळूं लागतात, आणि शरद्‌ऋतूंत आपापल्या वाटेनें निघून जातात. एवढें जपून वाढविलेलें असूनही रानांतील बहुतेक खोकडांस दोन वर्षांहून अधिक आयुष्य लाभत नाहीं.

खोकडाच्या डोळ्यांतील बाहुली मांजराच्या बाहुलीसारखी उभी असते, त्यामुळें अंधुक उजेडांत त्याला चांगलें दिसतें; परंतु त्याची खरी भिस्त कानांवर. गवताच्या किंवा बर्फाच्या थराखालीं उंदीर हालला तरी त्याची चाहूल त्यास लागते. मग तें स्तब्ध उभें राहतें, मान तिरकी करून कानोसा घेतें, आणि एकदम हवेंत उंच उडी घेऊन पुढील पायांनीं नेमकें भक्ष्यावर उतरतें. इ. स. २०११ मध्यें चेक देशांतील संशोधकांनीं एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. उंच गवतांत किंवा बर्फांत भक्ष्य दिसत नसतांना खोकड बहुधा ईशान्येकडे तोंड करून उडी घेतें, आणि त्या दिशेची उडी अधिक वेळां साधते. अंतराचा अंदाज बांधण्यास पृथ्वीच्या चुंबकत्वाचा त्यास उपयोग होत असावा, असा त्या संशोधकांचा तर्क आहे.

त्याच्या खाण्यांत शेतांतील उंदीर व ससे मुख्य. पण पक्षी, भुंगे आणि गांडुळें यांचाही त्यास विटाळ नाहीं. पिकलेलीं फळें तर तें आवडीनें खातें. तेव्हां द्राक्षांची गोष्ट अगदींच निराधार नव्हे! पोट भरल्यावर उरलेलें अन्न तें निरनिराळ्या जागीं उकरून पुरून ठेवितें आणि पुढें त्या जागा बरोबर हुडकून काढितें.

आतां त्याच्यावरील मुख्य आरोपाकडे वळूं. खुराड्यांत शिरलेलें खोकड एक कोंबडी घेऊन जात नाहीं, तर हातीं लागतील तेवढ्या सर्व मारून टाकितें. सकाळीं तें दृश्य पाहणाऱ्या शेतकऱ्यास हा प्राणी केवळ चोर नव्हे, तर रक्तपिपासु दुष्ट आहे असें वाटल्यास त्याला दोष देतां येणार नाहीं. परंतु प्राणिशास्त्रज्ञांनीं याचा उलगडा केला आहे तो असा. मोकळ्या रानांत खोकडानें एक पक्षी धरला कीं बाकीचे उडून जातात, आणि शिकार आपोआप थांबते. खुराड्यांत कोंबड्यांस पळावयास जागा नसते. त्यांची फडफड चालूच राहते, आणि जोंवर फडफड चालू आहे तोंवर खोकडाची धरण्याची उपजत प्रेरणाही चालू राहते. त्यास कोणी हुसकलें नाहीं तर तें एकेक कोंबडी नेऊन पुरून ठेवण्याचाही प्रयत्न करितें. म्हणजे तेथें दुष्टपणा नाहीं. मनुष्यानें बांधलेल्या चार भिंतींत सांपडलेली रानांतली रीत आहे. अर्थात् यामुळें शेतकऱ्याचें नुकसान कमी होत नाहीं, हेंही खरें. कोंकरांविषयींचा आरोप मात्र इतका बळकट नाहीं. कांहीं निरोगी कोंकरें खोकड मारितें. तथापि तें नेतें त्यांपैकीं पुष्कळ आधींच मेलेलीं किंवा जगण्यासारखीं नसलेलीं असतात.

हा आरोप ध्यानीं घेऊनच इंग्लंडांत पूर्वीं खोकडास शत्रु लेखीत. राणी एलिझाबेथ पहिली हिच्या कारकीर्दींत, इ. स. १५६६ मध्यें, धान्याच्या रक्षणासाठीं म्हणून एक कायदा झाला. त्यानें उपद्रवी पशुपक्ष्यांच्या डोक्यांवर बक्षिसें लाविलीं. खोकडाच्या डोक्यास बारा पेन्स मिळत. त्या वेळीं खोकड मारणें हें शेताच्या राखणीपैकींच एक काम होतें. बिळांतून खणून काढा, जाळ्यांत धरा, नाहीं तर काठीनें मारा, त्यांत कांहीं प्रतिष्ठा नव्हती. प्रतिष्ठा होती ती हरणाच्या शिकारींत.

पुढें जंगलें तुटत गेलीं, हरणें दुर्मिळ झालीं, आणि श्रीमंत जमीनदारांस घोडदौडीसाठीं दुसरें सावज हवें झालें. लीस्टरशर परगण्यांतील ह्यूगो मेनेल या तरुण जमीनदारानें इ. स. १७५३ च्या सुमारास क्वॉर्न येथें आपला कुत्र्यांचा कळप जमविला, आणि तीक्ष्ण नाकाचे व वेगानें धांवणारे कुत्रे निपजविण्यांत पुढील अनेक वर्षें खर्चिलीं. याच शतकांत इंग्लंडांतील मोकळ्या जमिनींस झुडपांचीं कुंपणें पडत गेलीं. तीं कुंपणें घोड्यावरून ओलांडणें हा एक नवाच थरार झाला. अशा रीतीनें शेतकऱ्याचें एक हलकें काम सरदारांचा मानाचा खेळ बनलें.

या खेळाचा एक दिवस कसा जात असे तें ऐका. आदल्या रात्रीं, खोकडें भक्ष्य शोधण्यास बाहेर पडल्यावर, एक माणूस हिंडून त्यांच्या बिळांचीं तोंडें बुजवून टाकी. सकाळीं तांबडे कोट घातलेले स्वार, त्यांचा मास्टर, शिंग फुंकणारा शिकारी व पंधरा-वीस जोड्या कुत्रे एखाद्या राईपाशीं जमत. कुत्र्यांची गणती एक-दोन अशी न करितां जोड्यांनींच करण्याचा प्रघात आहे. कुत्रे राईंत शिरले कीं खोकड बाहेर पडे, आणि पाठलाग सुरू होई. हा पाठलाग डोळ्यांनीं नव्हे तर वासानें होतो. म्हणून खोकड आपला वास मोडण्यासाठीं कधीं आल्या वाटेनेंच परत फिरतें, कधीं ओढ्यांतून जातें, तर कधीं मेंढरांच्या कळपांतून वाट काढितें. शेवटीं तें बिळाकडे येतें तों बीळ बंद! कुत्र्यांनीं गांठलें कीं तेथेंच त्याचा शेवट होई, आणि त्याची शेपटी मानाचें चिन्ह म्हणून एखाद्या स्वारास मिळे. एखाद्या न बुजविलेल्या बिळांत तें शिरलेंच, तर लहान टेरियर कुत्रा आंत सोडून व जमीन खणून त्यास बाहेर काढीत आणि मारीत. पुष्कळ खोकडें निसटून जात, हेंही सांगितलें पाहिजे.

हें सर्व कशासाठीं, असें कोणी विचारलें तर उत्तर ठरलेलें असे : ‘खोकड हा उपद्रवी प्राणी आहे, त्याचा बंदोबस्त केला नाहीं तर शेतकरी बुडेल.’ आतां आमच्या वाचकांनीं न्यायाधीशाच्या आसनावर बसावें आणि पुढील पुरावा पाहावा. ज्यांस खोकडें नाहींशीं करावयाचीं होतीं, तेच जमीनदार त्यांस राहण्यास सोयीच्या म्हणून कांटेरी झुडपांच्या राया मुद्दाम लावीत आणि विटांचीं किंवा नळ्यांचीं कृत्रिम बिळें बांधून देत. एकोणिसाव्या शतकांत जेथें खोकडें कमी पडलीं, तेथें तीं युरोप खंडांतून आणविलीं जात, आणि लंडनच्या लेडनहॉल बाजारांत त्यांची विक्री होई. एखाद्या शेतकऱ्यानें आपल्या खुराड्याशीं आलेलें खोकड बंदुकीनें मारिलें, तर त्याचे आभार न मानतां शिकारी मंडळी त्याला नांवें ठेवीत. आणि त्यानें मारूं नये म्हणून मेलेल्या कोंबड्यांची भरपाई देण्यासाठीं त्या मंडळींनीं वेगळा निधि ठेविलेला असे. चोर पकडण्यासाठीं नेमलेल्या शिपायानें स्वतःच चोरांस घरें बांधून द्यावीं, त्यांतलाच हा प्रकार नव्हे काय? आरोप खरा होता, पण शिकारीचें कारण तो आरोप नव्हता. कारण होतें घोडदौडीचा आनंद, आणि आरोप हें त्याचें निमित्त होतें.

तथापि दुसरी बाजू न ऐकतां निवाडा देणें आम्हांस उचित वाटत नाहीं. या खेळावर तबेल्यांतील नोकर, नाल मारणारे लोहार, कुत्र्यांची निगा राखणारे अशा अनेक साध्या माणसांची पोटें भरत होतीं. लहान लहान खेड्यांत हिवाळ्यांत लोक एकत्र येत ते या निमित्तानें. शिकारीसाठीं राखलेल्या राया व कुंपणें यांचा आश्रय इतर पक्ष्यांस व फुलझाडांसही मिळाला. शिवाय, बंदुकीचा नेम चुकून जखमी झालेलें खोकड दिवसचे दिवस तळमळतें, तेव्हां कुत्र्यांचा झटपट मृत्यु बरा, असेंही त्यांचें म्हणणें असे. इ. स. २००२ च्या सप्टेंबरांत लंडनच्या रस्त्यांवरून जो मोर्चा निघाला त्यांत सुमारें चार लक्ष लोक होते. ते सर्वच कांहीं सरदार नव्हते.

या वादाचा निकाल लावण्यासाठीं सरकारनें लॉर्ड बर्न्स यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली, आणि तिचा अहवाल इ. स. २००० मध्यें बाहेर आला. नोंदलेल्या कळपांकडून वर्षाकाठीं २१,००० ते २५,००० खोकडें मारलीं जातात असा तिचा अंदाज होता. आणि कुत्र्यांच्या पाठलागानें खोकडाच्या सुखस्वास्थ्यास गंभीर बाध येतो, असें तिनें नमूद केलें. पुढील वर्षीं निसर्गानेंच एक परीक्षा घेतली. इ. स. २००१ मध्यें ब्रिटनांत गुरांच्या लाळखुरकताची मोठी सांथ आली, आणि ती पसरूं नये म्हणून जवळजवळ वर्षभर शिकार बंद राहिली. शिकारीवांचून खोकडें बेसुमार वाढतात हें म्हणणें खरें असेल तर त्या वर्षीं तीं वाढावयास हवीं होतीं. शास्त्रज्ञांनीं त्या बंदीच्या आधींची व नंतरची स्थिति ताडून पाहिली, तेव्हां संख्येंत म्हणण्यासारखी वाढ झालेली आढळली नाहीं.

स्कॉटलंडानें इ. स. २००२ मध्यें या शिकारीस बंदी करणारा कायदा केला. इंग्लंड व वेल्स यांसाठींचा कायदा इ. स. २००४ मध्यें मंजूर होऊन १८ फेब्रुवारी २००५ पासून अंमलांत आला. त्यानंतर पुष्कळ मंडळ्या आधीं ओढून ठेविलेल्या कृत्रिम वासाच्या मागावर कुत्रे धांवडवूं लागल्या. त्या आडून खऱ्या खोकडांची शिकार होते अशी तक्रार वारंवार झाली, आणि इ. स. २०२४ च्या निवडणुकींत मजूर पक्षानें तोही प्रकार बंद करण्याचें अभिवचन दिलें.

येथें कोणी म्हणेल, ‘मग खोकडास केव्हांच मारूं नये काय?’ या प्रश्नाचें उत्तर दोन देशांच्या अनुभवावरून पाहूं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांत खोकडांमार्फत रेबीज हा पिसाळण्याचा रोग पूर्वेकडून पश्चिमेकडे पसरत गेला. येथें कारण खरें व भयंकर होतें. म्हणून बंदुका व बिळांत सोडलेला विषारी वायु यांनीं असंख्य खोकडें मारण्यांत आलीं. तरी रोग पुढेंच सरकत राहिला. इ. स. १९७८ मध्यें स्वित्झर्लंडांतील ऱ्होन नदीच्या खोऱ्यांत निराळाच उपाय करून पाहिला. कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस घालून तीं खोकडांच्या वाटेवर टाकिलीं. खोकडांनीं तीं खाल्लीं, आणि रोगाची वाट अडली. याच मार्गानें स्वित्झर्लंड इ. स. १९९९ मध्यें व जर्मनी इ. स. २००८ मध्यें त्या रोगापासून मुक्त झाले. ज्या कोंबडीसाठीं खोकडाचा एवढा दुलौकिक झाला, तिच्याच मुंडक्यानें त्याचे प्राण वांचविले!

ऑस्ट्रेलियाचा अनुभव याच्या उलट आहे. त्या खंडांत खोकड मुळींच नव्हतें. इंग्रज वसाहतवाल्यांनीं एकोणिसाव्या शतकांत मायदेशचा खेळ तेथें खेळतां यावा म्हणून तें नेऊन सोडिलें. तेथील लहान पिशवीवाल्या प्राण्यांस अशा शत्रूची संवय नसल्यामुळें त्यांपैकीं कित्येक जाती नामशेष होण्याच्या पंथास लागल्या. आज तेथें त्या जाती राखण्यासाठीं खोकडांस विष घालावें लागतें. हें मारणें खेळासाठीं नाहीं, आणि त्यांत आनंद मानणारा विरळाच. पण ज्या चुकीमुळें तें करावें लागतें, ती चूक खोकडाची नव्हे.

हिंदुस्थानांतही ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं हा खेळ आणिला. निलगिरींतील उटकमंड व वायव्येकडील पेशावर येथें त्यांचे कळप होते. मात्र येथें सावज होतें कोल्हा. म्हणजे इसापाच्या गोष्टींत खोकडाची जागा कोल्ह्यानें घेतली, तशीच ती शिकारींतही घेतली. आपल्या माळावरचें लहानसें खोकड त्या दौडींतून बहुतांशीं वांचलें. इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याच्या शिकारीस बंदी आहे. सोलापूरजवळील नान्नज येथील अभयारण्याच्या माळरानावर तें अजून नांदतें. उंदीर, सरडे, टोळ, भुंगे व वाळवी खातें, आणि बोरांच्या दिवसांत बोरींखालीं हिंडतें. शेतकऱ्याचें तें जेवढें नुकसान करितें, त्याहून त्याच्या उंदरांचा बंदोबस्त अधिक करितें. त्याचे आजचे शत्रु शिकारी स्वार नव्हेत. माळरानें नांगराखालीं जात आहेत, आणि गांवच्या मोकाट कुत्र्यांचे रोग त्याच्या बिळापर्यंत पोहोंचत आहेत.

पालकवर्गास आमची एवढीच विनंती कीं, ज्यांच्या घरीं कोंबड्या आहेत त्यांनीं दिवेलागणीपूर्वीं खुराडें बंद करावें, व त्याची जाळी जमिनींत हातभर खोल पुरावी; एवढ्यानें बहुतेक तंटा मिटतो. विद्यार्थ्यांस मात्र दुसरें सांगणें आहे. सुटींत गांवीं गेलांत म्हणजे एखाद्या म्हाताऱ्या मेंढपाळास विचारा, ‘या माळावर खोकड आहे काय?’ तो बीळ दाखवील. दुरूनच पाहा, जवळ जाऊं नका. कारण माणसाचा वावर दिसला कीं मादी पिल्लें उचलून दुसरीकडे नेते. आणि परत आल्यावर त्या प्राण्याविषयीं कोणी कांहीं बोलूं लागला, तर प्रथम त्यास एवढें विचारा, ‘तुम्ही कोल्ह्याविषयीं बोलतां कीं खोकडाविषयीं?’ ज्याच्यावर आरोप करावयाचा त्याचें नांव तरी बरोबर घ्यावें, येथून न्यायाचा आरंभ होतो.